गेम, व्हायरस आणि अँटिव्हायरस: तिन्हींच्या मुळाशी असलेले जॉन फॉन नॉयमन

नवा गेमिंग पीसी घेतला, चांगलं ग्राफिक्स कार्ड बसवलं, तरी ऐन सामन्यात स्क्रीन क्षणभर अडखळते. टास्क मॅनेजर उघडून पाहावं, तर मागे अँटिव्हायरसचं स्कॅनिंग सुरू असतं. मग मित्रमंडळींकडून दोन टोकांचे सल्ले मिळतात. कुणाच्या मते अँटिव्हायरस काढूनच टाकावा, कुणाच्या मते सगळ्यात महागडा घ्यावा.

या प्रश्नाची मुळं ऐंशी वर्षं मागे, एका माणसाच्या कामात सापडतात. हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली संगणकाची जी रचना कागदावर मांडली, तिच्याच आधारावर आजचा पीसी चालतो. स्वतःची प्रत काढणाऱ्या यंत्राचं गणितही त्यांनीच मांडलं. आणि दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर असताना शहाणा निर्णय कसा घ्यायचा, याचं शास्त्रही त्यांच्यापासून सुरू झालं. अँटिव्हायरसमुळे पीसी का मंदावतो आणि निवड करताना काय बघावं, हे त्यांच्या आयुष्याच्या गोष्टीतून बरंच उलगडतं.

बुडापेस्टचा यानोश

२८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्टमधल्या एका सधन ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरचं नाव यानोश. वडील मिक्सा हे बँकेत मोठ्या पदावर होते. १९१३ मध्ये सम्राट फ्रांझ जोसेफ यांनी वडिलांना सरदारकीचा किताब दिला आणि त्यातूनच पुढे नावात फॉन हा शब्द आला.

तीन भावांमध्ये यानोश थोरला. त्याच्या स्मरणशक्तीचे आणि पाढ्यांपलीकडच्या तोंडी हिशेबांचे किस्से पाहुण्यांना ऐकवले जात. शाळेत त्याच्या एक वर्ष पुढे यूजीन विग्नर होते, ज्यांना पुढे १९६३ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

वडिलांना मात्र काळजी होती की गणितावर पोट कसं भरणार? आपल्याकडे मुलाला आधी इंजिनिअर हो, मग काय ते कर असं सांगतात, तसंच तिथेही झालं. फॉन नॉयमन यांनी बर्लिन आणि झुरिकमध्ये रसायन अभियांत्रिकीचा अभ्यास केला आणि त्याच काळात बुडापेस्ट विद्यापीठात गणितासाठीही नाव घातलं. तिथे ते बहुतेक परीक्षेपुरतेच जात. १९२६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, अभियांत्रिकीची पदवी आणि गणितातली डॉक्टरेट या दोन्ही गोष्टी त्यांच्या हाती होत्या.

पत्त्यांच्या डावातलं गणित

त्याच वर्षी, जर्मनीतल्या गॉटिंगेन इथे त्यांनी एका वेगळ्याच विषयावर व्याख्यान दिलं. विषय होता बैठे खेळ. हे काम १९२८ मध्ये प्रसिद्ध झालं आणि गेम थिअरी नावाच्या शाखेचा पाया घातला गेला.

त्यांना बुद्धिबळापेक्षा पोकरमध्ये अधिक रस होता. बुद्धिबळात सगळी मोहरी समोर असतात. पोकरमध्ये, किंवा आपल्या तीनपत्तीत, समोरच्याच्या हातात काय आहे ते दिसत नाही. पानं वाईट असतानाही तो रक्कम वाढवत राहू शकतो. अशा डावात काय करायचं?

फॉन नॉयमन यांनी सिद्ध केलं, की दोन खेळाडूंच्या ज्या खेळात एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तेवढाच तोटा असतो, तिथे दोघांसाठीही एक सुरक्षित चाल असते. प्रत्येक पर्यायात जास्तीत जास्त नुकसान किती होईल ते बघायचं आणि ज्या पर्यायात ते सगळ्यात कमी असेल तो निवडायचा. याला मिनिमॅक्स म्हणतात. दगड-कागद-कात्रीसारख्या खेळात तर ठरावीक क्रम न ठेवता चाल बदलत राहणं हीच सुरक्षित चाल ठरते, कारण क्रम ओळखला गेला की डाव गेलाच.

अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासोबत त्यांनी १९४४ मध्ये या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. व्यापार, लिलाव, युद्धनीती अशा अनेक क्षेत्रांत तो वापरला गेला. व्हायरस लिहिणारा आणि अँटिव्हायरस बनवणारा यांच्यातला डावही याच जातीचा आहे. एकाने चाल ओळखली की दुसरा ती बदलतो.

सगळं काही सिद्ध होत नाही

तरुणपणी फॉन नॉयमन आणखी एका मोहिमेत सामील होते. संपूर्ण गणित काही मोजक्या नियमांवर उभं करायचं आणि त्यात कुठेही विसंगती नाही हे सिद्ध करायचं, असं स्वप्न डेव्हिड हिल्बर्ट यांनी पाहिलं होतं. १९३० साली कर्ट गोडेल या तरुण गणितज्ञाने दाखवून दिलं की ते तसं पूर्ण होऊच शकत नाही. या निकालाचं महत्त्व सगळ्यात आधी ओळखणाऱ्यांमध्ये फॉन नॉयमन होते. स्वतःची वर्षांची मेहनत ज्यामुळे निष्फळ ठरली, तो निकाल त्यांनी तत्काळ मान्य केला.

त्याच सुमारास ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले. १९३३ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये ते प्राध्यापक झाले. त्याच संस्थेत अल्बर्ट आइनस्टाइनही होते. जर्मनीत नाझी सत्तेवर आल्यामुळे युरोपात परतण्याचा मार्ग उरला नाही. १९३७ मध्ये त्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं.

१९३६ ते १९३८ या काळात प्रिन्स्टनमध्ये एक ब्रिटिश विद्यार्थी होता, अॅलन ट्युरिंग. ट्युरिंग यांनी नुकतंच दाखवलं होतं की कोणताही प्रोग्रॅम दिला तर तो कधीतरी थांबेल की कायम चालत राहील, हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी एकच पद्धत असू शकत नाही. फॉन नॉयमन यांनी त्यांना आपला सहायक म्हणून राहायला सांगितलं, पण ट्युरिंग इंग्लंडला परतले. हा निकाल पुढे अँटिव्हायरसच्या गोष्टीत पुन्हा येतो.

रेल्वे स्टेशनवरची भेट

दुसऱ्या महायुद्धात फॉन नॉयमन अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पाचे सल्लागार झाले. प्लुटोनियमचा गोळा चारही बाजूंनी एकाच क्षणी दाबून स्फोट घडवायचा, तर त्याचं गणित प्रचंड किचकट होतं. नागासाकीवर टाकलेला बाँब याच पद्धतीचा होता. बाँबसाठी लक्ष्य निवडणाऱ्या समितीतही ते होते. त्यांच्या आयुष्याची ही काळी बाजू झाकता येत नाही.

या हिशेबांसाठी वेगवान यंत्राची गरज होती. १९४४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या अॅबर्डीन रेल्वे स्टेशनच्या फलाटावर त्यांची हर्मन गोल्डस्टाइन या लष्करी अधिकाऱ्याशी भेट झाली. गोल्डस्टाइन यांच्याकडून त्यांना कळलं की पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनियाक नावाचं इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र तयार होतंय. सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब्ज आणि जवळपास ३० टन वजन असं ते यंत्र होतं.

एनियाक वेगवान होतं, पण त्याला नवं काम द्यायचं म्हणजे केबल उपसायच्या, दुसरीकडे खोचायच्या आणि शेकडो स्विच फिरवायचे. गणित सुटायला मिनिटं लागत आणि तयारीला दिवस.

यावर उपाय निघाला तो असा, की सूचनाही आकड्यांच्या रूपात लिहायच्या आणि ज्या मेमरीत माहिती ठेवतो तिथेच त्या ठेवायच्या. मग यंत्राला नवं काम देण्यासाठी वायरी बदलायची गरज नाही, मेमरीतले आकडे बदलले की झालं. ३० जून १९४५ ही तारीख असलेल्या, १०१ पानांच्या अहवालात फॉन नॉयमन यांनी ही रचना मांडली. हा अहवाल एडव्हॅक या नियोजित यंत्राबद्दल होता.

आज एका क्लिकवर गेम डाउनलोड होतो आणि लगेच चालू होतो, तो याच कल्पनेमुळे. डाउनलोड होताना गेम ही केवळ माहिती असते आणि सुरू केला की तीच माहिती सूचना बनते. पण ज्या दारातून गेम आत येतो, त्याच दारातून व्हायरसही येतो. कारण मेमरीतले आकडे नुसते पाहून ते माहिती आहेत की आज्ञा, हे यंत्राला कळत नाही.

श्रेयाचा वाद

त्या अहवालावर नाव फक्त फॉन नॉयमन यांचं होतं. प्रत्यक्षात एनियाक उभारणारे जे. प्रेस्पर एकर्ट आणि जॉन मॉकली हे दोघंही या कल्पनेवर काम करत होते. गोल्डस्टाइन यांनी अहवालाच्या प्रती अनेकांना पाठवल्या. त्यामुळे कल्पना जगजाहीर झाली आणि तिच्यावर पेटंट मिळवण्याचा मार्ग बंद झाला. एकर्ट आणि मॉकली शेवटपर्यंत दुखावलेले राहिले. आजही या रचनेला फॉन नॉयमन आर्किटेक्चर म्हणतात, तेव्हा त्या नावात इतरांचाही वाटा आहे हे लक्षात ठेवायला हवं.

पण खुलेपणाचा एक फायदा झाला. ही रचना कुणा एकाची मालमत्ता राहिली नाही.

एकच रस्ता, दोन गाड्या

युद्धानंतर फॉन नॉयमन यांनी प्रिन्स्टनमध्येच असा संगणक बांधायला घेतला. त्याचे आराखडे त्यांनी इतरांना मोकळेपणाने दिले आणि त्यावरून जगभर यंत्रं तयार झाली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनलेला टीआयएफआरॅक हा भारतीय संगणकही याच कुळातला. पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये त्याचं नामकरण केलं.

प्रिन्स्टनच्या यंत्राची मेमरी होती ४० बिटांचे १०२४ शब्द, म्हणजे सुमारे ५ केबी. आजच्या १६ जीबी रॅमच्या पीसीत याच्या जवळपास ३३ लाख पट मेमरी असते. एवढ्याशा जागेत हवामानाचे अंदाज आणि हायड्रोजन बाँबचे हिशेब झाले. त्यांच्या पत्नी क्लारा यांनी एनियाकसाठी प्रोग्रॅम लिहिले. त्या जगातल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमर्सपैकी एक होत्या.

या रचनेत एक अडचण जन्मापासूनच होती. प्रोसेसर एकीकडे, मेमरी दुसरीकडे आणि दोघांमधून जाणारा रस्ता एकच. सूचनाही त्याच रस्त्याने येणार, माहितीही त्याच रस्त्याने. प्रोसेसर कितीही वेगवान केला तरी त्याला रस्ता मोकळा होण्याची वाट पाहावी लागते. या अडचणीला पुढे फॉन नॉयमन बॉटलनेक असं नाव पडलं.

आधुनिक पीसीत कॅश मेमरी, अनेक कोअर आणि वेगवान एसएसडी आहेत, त्यामुळे कोंडी बरीच कमी झाली. ती संपली मात्र नाही. गेम नवा नकाशा लोड करताना हजारो फायली वाचतो. अँटिव्हायरस त्यातली प्रत्येक फाइल उघडण्याआधी तपासू पाहतो. घाटातल्या एकेरी रस्त्यावर दोन गाड्या आल्या की जे होतं, तेच इथे होतं. म्हणूनच अँटिव्हायरसचा त्रास सरासरी एफपीएसपेक्षा लोडिंगच्या वेळी आणि मधूनच बसणाऱ्या झटक्यांत जास्त जाणवतो.

स्वतःची प्रत काढणारं यंत्र

१९४८ च्या सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियात एका परिषदेत फॉन नॉयमन यांनी एक प्रश्न मांडला. यंत्र स्वतःसारखंच दुसरं यंत्र बनवू शकेल का? कारखान्यातलं यंत्र आपल्यापेक्षा साधी वस्तू बनवतं. सजीव मात्र आपल्यासारखेच सजीव जन्माला घालतात. मग यंत्राला ते का जमू नये?

त्यांचं उत्तर असं होतं. यंत्रासोबत त्याच्या रचनेचं वर्णन असलेली एक पट्टी ठेवायची. तिचा उपयोग दोनदा करायचा. आधी त्यातल्या सूचना वाचून नवं यंत्र बांधायचं, मग ती पट्टी न वाचता जशीच्या तशी उतरवून नव्या यंत्रात ठेवायची. पहिल्या वेळी ती आज्ञा असते, दुसऱ्या वेळी माहिती. डीएनएची रचना उलगडली ती १९५३ मध्ये आणि सजीवांच्या पेशीतही साधारण हेच घडतं असं दिसून आलं.

मित्र स्टॅनिस्लाव उलाम यांच्या सूचनेवरून त्यांनी हे यंत्र चौकटींच्या अनंत पटावर मांडलं. प्रत्येक चौकटीला २९ अवस्था होत्या. काम अपुरं राहिलं. आर्थर बर्क्स यांनी ते पूर्ण करून १९६६ मध्ये पुस्तकरूपात आणलं.

फॉन नॉयमन यांना व्हायरस बनवायचा नव्हता. सजीवपणाचं तर्कशास्त्र त्यांना समजून घ्यायचं होतं. पण आज्ञा आणि माहिती एकाच जागी असतील तर एखादा प्रोग्रॅम स्वतःलाच माहिती समजून स्वतःची प्रत काढू शकतो, हे त्यांच्या दोन कामांना जोडून पाहिलं की उघड होतं.

शेवटचे दिवस

१९५५ मध्ये ते अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांना कर्करोग असल्याचं निष्पन्न झालं. मेजवान्या, मोठ्या आवाजातलं संगीत आणि भरधाव गाडी यांची आवड असलेला माणूस वर्षभरात चाकाच्या खुर्चीवर आला. १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडून पदक स्वीकारतानाही ते खुर्चीतच होते.

वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात त्यांच्यावर पहारा असे. गुंगीत त्यांच्या तोंडून लष्करी गुपितं बाहेर पडू नयेत अशी भीती होती. शरीर थकण्यापेक्षा बुद्धी हातातून निसटतेय, याची त्यांना जास्त दहशत वाटत होती. ज्यांनी मोठमोठे हिशेब तोंडी केले, ते शेवटी मुलगी मरीना हिला साध्या बेरजा विचारायला लावत, अजून जमतंय का हे पाहण्यासाठी. संगणक आणि मेंदू यांची तुलना करणारी व्याख्यानं लिहिणं अर्धवट राहिलं. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

कागदावरचं यंत्र चालू लागलं

त्यानंतर चारच वर्षांनी, १९६१ मध्ये, अमेरिकेतल्या बेल लॅब्समधल्या तिघांनी डार्विन नावाचा गेम बनवला. त्यात खेळाडूंचे प्रोग्रॅम संगणकाच्या मेमरीत स्वतःच्या प्रती काढत आणि एकमेकांना संपवत. म्हणजे स्वतःची प्रत काढणारे हे प्रोग्रॅम आधी खेळ म्हणूनच रंगले. त्या तिघांपैकी एक होते रॉबर्ट मॉरिस.

१९७१ मध्ये अमेरिकेच्या आर्पानेटवर क्रीपर नावाचा प्रोग्रॅम एका संगणकावरून दुसऱ्यावर फिरू लागला आणि त्याला शोधून पुसणारा रीपरही बनला. अँटिव्हायरसचा तो पहिला अवतार म्हणता येईल. नोव्हेंबर १९८८ मध्ये त्याच रॉबर्ट मॉरिस यांच्या मुलाने सोडलेला वर्म इंटरनेटवर पसरला. त्याने फायली पुसल्या नाहीत. एकाच यंत्रावर त्याच्या इतक्या प्रती चालू झाल्या की संगणक मंदावून निकामी झाले.

त्याआधी, १९८४ साली, फ्रेड कोहेन या संशोधकाने एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली होती. प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा आणि कधीही चुकीचा संशय न घेणारा अँटिव्हायरस बनूच शकत नाही. ट्युरिंग यांच्या निकालाचाच हा भाऊबंद. म्हणून शंभर टक्के संरक्षणाची जाहिरात दिसली तर ती गणिताच्या विरोधात आहे, हे ओळखावं.

याचा वेगाशी थेट संबंध आहे. ओळखीच्या व्हायरसच्या खुणा जुळवून पाहणं स्वस्तात होतं. अनोळखी प्रोग्रॅमची वागणूक तपासायला प्रोसेसरचा वेळ लागतो आणि निर्दोष फाइलवरही संशय येतो. गेमचे मॉड अनेकदा असेच अडवले जातात. जास्त खोल तपासणी म्हणजे जास्त वेळ आणि तरीही पूर्ण खात्री नाही.

प्रोसेसर कंपन्यांनी आपल्या बाजूने दार थोडं लोटलं. मेमरीच्या एखाद्या भागावर इथे फक्त माहिती आहे, ती आज्ञा म्हणून चालवू नका, अशी खूण करण्याची सोय आली. विंडोज एक्सपीत २००४ मध्ये ती वापरात आली. अशी प्रत्येक राखण अँटिव्हायरसवरचा भार हलका करते, म्हणून विंडोज आणि ड्रायव्हर अद्ययावत ठेवणं महत्त्वाचं.

मग गेमिंग पीसीसाठी निवड कशी करायची?

इथे फॉन नॉयमन यांचा मिनिमॅक्स कामाला येतो. कोणता पर्याय सगळ्यात चांगला, असं न विचारता प्रत्येक पर्यायात वाईटात वाईट काय होईल, ते विचारायचं.

अँटिव्हायरस अजिबात नसेल तर मिळतील थोड्या फ्रेम्स. वाईटात वाईट काय? गेमचं खातं आणि त्यातली वर्षानुवर्षं जमवलेली सामग्री जाईल, ब्राउझरमध्ये साठवलेले बँकेचे पासवर्ड जातील, घरच्या फोटोंना रॅन्समवेअरचं कुलूप लागेल. फुकटच्या क्रॅक आणि चीट फायली अनेकदा आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. डावात समोरचा आपल्याला पानं उघडी करायला सांगतोय, असं तेव्हा समजावं.

दुसऱ्या टोकाला, व्हीपीएन, क्लीनर, पासवर्ड मॅनेजर असं सगळं कोंबलेला जड पॅक घेतला तर वाईटात वाईट म्हणजे पीसी अडखळेल आणि कंटाळून एक दिवस सगळंच बंद केलं जाईल. म्हणजे पुन्हा पहिल्या पर्यायावर.

दोन्हींच्या मध्ये सुरक्षित चाल सापडते. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीपासूनच असतो आणि नेहमीच्या वापरासाठी बहुतेक गेमर्सना तो पुरतो. दुसरा घ्यायचा असेल, मग तो परदेशी कंपनीचा असो की पुण्याच्या क्विक हीलचा, तर एव्ही-टेस्ट किंवा एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या स्वतंत्र प्रयोगशाळांचे ताजे निकाल पाहावेत. त्या संरक्षण आणि वेगावरचा परिणाम यांचे वेगवेगळे निकाल देतात. दोन्हींत चांगला असलेला निवडावा, एकाच बाबतीत पहिला आलेला नव्हे.

त्यात गेम मोड आहे का, हे बघावं. खेळ पूर्ण स्क्रीनवर चालू असताना हा मोड सूचना दाबून ठेवतो आणि ठरलेलं स्कॅनिंग पुढे ढकलतो. फायली उघडतानाची तपासणी मात्र चालूच राहायला हवी. संपूर्ण स्कॅनची वेळ आपण खेळत नसतो अशी ठेवावी. आणि एका पीसीवर दोन अँटिव्हायरसची प्रत्यक्ष वेळेतली तपासणी कधीही एकत्र चालवू नये, कारण दोघंही तीच फाइल अडवून बसतात. दुसरा अँटिव्हायरस नीट बसला की डिफेंडर आपली ही तपासणी आपोआप थांबवतो, ते याचसाठी.

गेमचं फोल्डर तपासणीतून वगळण्याची सोयही असते. त्यामुळे लोडिंग सुधारू शकतं, पण त्या फोल्डरात शिरलेल्या व्हायरसलाही तीच सूट मिळते. म्हणून अधिकृत स्टोअरवरून घेतलेल्या एखाद्याच गेमपुरती ती वापरावी. डाउनलोडचं फोल्डर किंवा अख्खा ड्राइव्ह कधीही वगळू नये.

पैसे भरण्याआधी चाचणी काळात एक साधी मोजणी करावी. तोच गेम, तोच नकाशा, तीच सेटिंग्ज, आधीच्या आणि नव्या अँटिव्हायरससह दोन-तीन वेळा. सरासरी एफपीएससोबत सगळ्यात मंद फ्रेम्स आणि लोडिंगची वेळ टिपावी, कारण फरक तिथेच दिसतो. गेम हार्ड डिस्कवर असेल तर महागड्या अँटिव्हायरसपेक्षा तोच पैसा एसएसडीवर घालणं जास्त उपयोगी ठरतं.

५ केबी मेमरीचं ते यंत्र विश्वासातली मोजकी माणसं वापरत, त्याला कुलपाची गरज नव्हती. आजचा पीसी साऱ्या जगाशी जोडलेला आहे. आज्ञा आणि माहिती एकाच घरात ठेवण्याचा निर्णय बदलता येणार नाही, कारण गेमही त्याच्यावरच उभा आहे. दारावर पहारेकरी लागणारच. तो जागा असावा आणि रस्त्यात आडवा येऊ नये, एवढंच आपल्या हातात आहे.